एक नंबरचा भोपळा

...आवं पावणं, त्येच्या नाकाला हात लावू नका, लांबनं बघा! सकाळधरनं बघतोय, आटपाडीच्या ह्या जत्रंत जो येतोय त्यो नाक दाबतोय, कान वढतोय, दात मोजतोय, गळ्यात हात टाकून फोटू काढतोय, आन् मग इचारतोय, "केवड्याला?" घ्यायचा एकाला बी न्हाई. आन् घिऊ बी नका! व्हय, इकायला मीच हुबा हाय आन् मीच सांगतोय, घिऊ नका. लय खोडी हायती ह्येच्यात. चपला खातो. त्या बी फकस्त डाव्या पायातल्या.

आता कसं सांगू तुमास्नी... ह्यो साहेबराव माजा हाय. म्हंजे हुता. आता त्या सिद्धूचा हाय, जो तिकडं भजी खायाला गेलाय, आन् मी नुस्ता दावं धरायला. मी दावं धरलं नसंल तर ह्यो कुणाला जवळ यिऊ देत न्हाई, डोस्कं मारतो, म्हणून सिद्धूनं मला आणलंय. जाताना म्हणला, "आप्पासो, तीन लाखाला कोण घेतलं तर दिऊन टाक. दिस बुडंपत्तर न्हाई गेला तर वरीसभर तुज्याच दावणीला राहूंदे, राखायला." म्हंजे दिस बुडंपत्तर कळ काढायची हाय मला. किती वर हाय बघा बरं सूर्य... कासराभर? लय झालं की वो. बसा. बसा म्हणतो! च्या न्हाई सांगत, पैसं न्हाईत, पर बसा. सगळं त्या भोपळ्यानं केलं, ते तर ऐका.

आमच्या गावात श्रेणिकआण्णाचं पेंडीचं दुकान हाय. सांगलीकडचं जैन माणूस, लय सरळ. मुंगी आडवी आली तर गाडी थांबवून तिला आधी जाऊ देणार, आन् ती एकटी नसती, तिच्या मागं तिचा सगळा गाव असतोय, म्हंजे पेंडीची गाडी दुपारपत्तर तितंच. तर आकितीच्या, म्हंजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिशी मी सरकी पेंड आणाय गेलो, तर आण्णा फोन फुडं करून म्हणलं, "ओ आप्पासो, हे नवीन कॉइन बघा. बिगरॅम. लई स्वस्तात मिळतंय." मी बघतोय तर काय, वर मेंढ्याचं चित्र! आन् नाक आसं, पोपटावानी वाकडं, कान लोंबतं, मान लांब... हुबेहूब साहेबराव! आता ते चित्र परदेशातल्या कुठल्या गड्यानं काढलं, त्येला माडग्याळ, ह्या मेंढ्यांचं मूळ गाव, हिकडं का तिकडं ते बी ठावं नसंल, त्येला मुळात मेंढ्याचं नाक काढताच येत नसंल. पर आमास्नी काय वाटलं? आपल्या भागाचा मेंढा जगात गेला, आन् आमी काय हितं लेंड्या लोटायच्या? तासाभरात अकरा जण जमलं. भिशीगत सगळ्यांनी पैसं काढायचं, आन् आण्णाच्या फोनवर, आण्णाच्याच एका खात्यात, सगळ्यांचं मिळून घ्यायचं. ह्ये एका खात्याचं ध्यानात ठिवा. आमच्या न्हाई ऱ्हायलं.

मी काय केलं? मी साहेबराव इकला. चित्रातल्या मेंढ्यापायी खरा मेंढा इकला! सिद्धू म्हणजी जतकडचा मेंढ्यांचा व्यापारी, त्यो रोख दोन लाख चाळीस हजार दिऊन दावं सोडून घिऊन गेला, वर म्हणला, "कार्तिकाच्या जत्रंपत्तर तीन लाख आणलंस तर परत दिईन." मला वाटलं, तीन काय, तवर तीस येत्याल.

आन् आमची कारभारीण, रंगुबाई... हसू नका वो. ह्येची आई तिसऱ्या दिशी मेली. रंगुबाईनं ह्येला बाटलीनं दूध पाजलंय, थंडीत आपल्या वाकळंत घिऊन निजलीय, मी भाईर पडवीत. ज्या दिशी मेंढा गेला त्या दिशीपासनं ती माज्याशी बोलायची बंद झाली. आज सहा महिनं! बोलती, पर कुत्र्याशी बोलती. मी ताटावर बसलो की कुत्र्याला सांगणार, "कुणाला भाकरी पायजे आसंल तर टोपल्यात हाय म्हणावं." मी कुत्र्याला म्हणायचं, "कालवणात मीठ न्हाई म्हणावं." कुत्रं बिचारं एकदा हिकडं बघतंय, एकदा तिकडं. पयल्या दिशी तर दावणीला तिच्या म्हायेरच्या चौदा मेंढ्या हुत्या, त्यांच्याकडं बोट करून कुत्र्याला म्हणली, "चौदा जणींचा धनी इकला रं ह्यांनी. आन् आणलं काय, तर बिगारी कॉइन." बिगरॅम म्हणता येईना तिला. का येत हुतं, कुणास ठावं.

बरं. मग सुट्टीला आमची सून आली, पल्लवी. शिरवळला कंपनीत कॉम्प्युटरवर असती, हुशार पोरगी. म्हणली, "मामा, ह्यात भाव कोण पाडतं म्हायतीय का? ज्याच्याजवळ लय टोकन हायती त्यो. त्येनं इकायला काडलं की धाडकन् खाली. ह्यांची यादी सगळ्यांस्नी दिसती, नाव न्हाई दिसत, नुस्ता लांबलचक पत्ता दिसतोय, इंग्रजी आक्षरं आन् आकडं. त्येला व्हेल म्हणत्यात. व्हेल म्हंजे देवमासा." आन् आण्णाच्या फोनात तिनं बसवून दिलं, की यादीत जो कोण एक नंबरला आसंल, कोण का असंना, त्येनं घेतलं की एक घंटी, आन् इकलं की दोन घंट्या. तेवढं करून गेली शिरवळला.

देवमासा! आता आटपाडीत देवमासा? टेंभू योजनेचं पाणी आलंय, न्हाई म्हणत न्हाई, पर त्येच्यात चिलापी घावतोय, देवमासा न्हाई. तरी आमी म्हणलं, चला, नजर ठिवू. तर श्रेणिकआण्णानं हात जोडलं. "आप्पासो, माझ्या दुकानात मासा म्हणायचं नाही. मासा धरला, मासा विकला, मासा हातातनं निसटला, असलं काही माझ्या कानावर नको. पाप लागतंय." मी म्हणलं, मग काय म्हणायचं? बटाटा म्हणू? "नाही, कंदमूळ." कांदा? "तो बी जमिनीतला." गाजर? "आप्पासो..." बरं, वांगं? "बहुबीज आहे, चातुर्मासात चालत नाही." मग मुळा, आलं, लसूण सगळं म्हणून झालं, आण्णा मान हालवतंय. शेवटाला आण्णाच म्हणलं, "भोपळा म्हणा. भोपळा चालतो. मोठा बी असतोय."

झालं! तवापासनं गावात राम राम बंद. समोरनं माणूस आला की, "भोपळा हालला का?" "न्हाई." "बरं." आमच्यात लालासाहेब म्हणून मिलिटरीतला रिटायर माणूस हाय, हवालदार, त्येनं भोपळ्यावर पहारा लावला. दोन दोन तासाची ड्यूटी! पेंडीच्या पोत्यावर फोन ठिवायचा, फुडं एकानं ताठ बसायचं, फोनवरची नजर काडायची न्हाई. लालासाहेब यिऊन इचारणार, "कोई हरकत?" आपण म्हणायचं, "न्हाई साहेब, भोपळा शांत हाय." आन् दिस बुडायच्या आधी पहारा बंद, का तर आण्णास्नी उजेडात जेवायचं असतंय. पल्याडच्या बियाणं-दुकानवाल्यानं चार दिस ऐकलं, भोपळा, भोपळा, भोपळा... आन् तीन पोती भोपळ्याचं बी मागवलं. चौघांनी लावलं बी! आसं गाव.

एक दिशी माजी ड्यूटी हुती, आन् ठण्ण, ठण्ण! दोन घंट्या! भोपळा हालला! भाव सरासरा खाली. आमची पाचावर धारण बसली, पर लालासाहेब छाती काडून म्हणला, "मौका है! स्वस्त झालंय, घ्या." मिलिटरीतला माणूस, माघार म्हायीत न्हाई. परत अकरा जणांनी पैसं काडलं. मेंढ्यांची लोकर गेली, कुणाची मळणी गेली, आन् आण्णानं बटण दाबलं. आन् बटण दाबतंय न दाबतंय तंवर... ठण्ण. एक घंटी! म्हंजे? म्हंजे भोपळ्यानं बी घेतलं!

तुमास्नी सांगतो, काय आनंद झाला म्हणून सांगू. काल इकून बसलेला भोपळा, आमी घेतल्याबरूबर परत घेतोय! खात्री करायला दुसऱ्या दिशी परत थोडं घेतलं. ठण्ण! तिसऱ्या दिशी घेतलं. ठण्ण! आण्णा म्हणलं, "आपण पुढं, भोपळा मागं." आमाला वाटलं, आपली अक्कल त्येला पटली. मी घरी जाऊन कुत्र्याला सांगितलं, "सांग म्हणावं, मोठी मोठी लोकं आता आप्पासोच्या मागनं चालायला लागली." कुत्र्यानं शेपूट हालवलं. रंगुबाईनं न्हाई.

भाव चढला की वो! दिवाळीत माज्या वाट्याचं फोनमदी साडेतीन लाख दिसायचं. साडेतीन! मी म्हणलं, आण्णा, बास, जत्रा आली, मला माजा मेंढा पायजे. घरात माणूस हाय, भाकरी हाय, पर आवाज न्हाई, ते काय घर हाय व्हय? सगळ्यांस्नी पटलं. आण्णा म्हणलं, आधी नमुन्याला थोडं काडू, मग सगळ्यांचं. बटण दाबलं...

ठण्ण, ठण्ण!

पोत्यावरची मांजर उठून गेली. भोपळ्यानं इकलं! आमी इकलं त्याच मिंटाला! आन् किती इकलं? पन्नास हजार टोकन. आमी किती? पन्नास हजार. भाव खाली. मग घाबरून परत काडलं, सत्तर हजार. ठण्ण, ठण्ण! भोपळ्यानं किती? सत्तर हजार! आता मला सांगा, ह्येचा अर्थ शाणा माणूस काय लावील? जाऊंद्या. आमी लावला त्यो ऐका. लालासाहेब हळूच म्हणला, "अंदर की बात बाहर जा रही है." आपल्यातला कुणीतरी भोपळ्याला फितूर हाय! मग काय, दार लावलं. अकरा जणांचं खिसं तपासलं. पेंडीची सतरा पोती उलटी केली, कुठं माईक बसवलाय का. एका पोत्यात घूस निघाली, आण्णानं तिला शिंक्यात घालून लांब माळावर सोडून यायला लावलं, त्येच्यात अर्धा तास गेला. फितूर काय घावंना.

मग मला सुचलं. माज्याच डोस्क्यात आलं, दुसऱ्या कुणाला दोष न्हाई. मी म्हणलं, बोलायचंच न्हाई! बाजारात जनावराचा सौदा कसा करतो आपण? हातावर टावेल टाकायचा आन् आतनं बोटं दाबायची, शेजारच्याला बी कळत न्हाई. बोटं दाबून ठरवू. बघू भोपळ्याला कसं ऐकू येतंय!

झालं. आण्णाच्या हातावर माजा टावेल. सगळी गप. मी दोन बोटं दाबली, दोन लाख टोकन. आण्णानं डाव्या हातानं बटण दाबलं. ठण्ण, ठण्ण! भोपळा, दोन लाख! आता टावेलातलं बी कळाय लागलं म्हणल्यावर लालासाहेबासारखा माणूस, ज्येनं सरहद्दीवर थंडी काडली, त्यो खाली बसला. आण्णा घड्याळ बघायला लागलं, "दिवस बुडायला आला, मला जेवायचंय, लवकर ठरवा." मी ठरवलं, आता इकायचंच न्हाई, एक बी न्हाई, थांबायचं. म्हणून मी टावेलात मूठ मिटून दाबली. आमच्या मेंढरांच्या बाजारात मिटलेली मूठ म्हंजे काय न्हाई, शून्य. भोपळा! आण्णानं डोळं मोठं केलं, हळूच इचारलं, "भोपळा?" मी मान हालवली. व्हय, भोपळा.

आण्णास्नी कुठला भोपळा कळला, सांगा. त्यो एक नंबरचा! त्येंनी धरलं, भोपळ्याएवढं, म्हंजे आपलं हाय तेवढं सगळं काडायला सांगतोय आप्पासो. आन् दिलं की वो बटण दाबून. सगळं! अकरा जणांचं सगळं!

ठण्ण, ठण्ण... घंटी थांबंना. भाव औंधाच्या यमाईच्या डोंगरावनं दगड सोडल्यागत खाली. आण्णा म्हणलं, "भोपळ्यानं बी सगळं विकलं हो, आप्पासो." माज्या वाट्याला सहा हजार चारशे रुपये आलं. आण्णा न जेवताच बसलं, दिस तर बुडाला हुता.

दुसऱ्या दिशी सकाळी पल्लवीला फोन लावला. म्हणलं, पोरी, ह्यो भोपळा कोण हाय ते शोधून काड, मी त्येच्या दारात जाऊन बसणार हाय. ती म्हणली, "मामा, त्या एक नंबरवाल्याचा पत्ता वाचून दावा." आण्णानं वाचला. झिरो, एक्स, नऊ, एफ, चार, सी... बेचाळीस आक्षरं. मग म्हणली, "आता आण्णांचा सवताचा पत्ता वाचा." आण्णानं वाचला. झिरो, एक्स. नऊ. एफ. चार... सी पत्तर आलं, त्योच पत्ता! पयला भोपळा इकून कवाच खाली गेला हुता, मधी आमी घेत गेलो, घेत गेलो, आन् घेता घेता यादीत आमीच एक नंबरला जाऊन बसलो हुतो. पहारा लावला, ड्यूट्या लावल्या, खिसं तपासलं... आमीच आमच्यावर! शेवटाला लालासाहेब म्हणला, "म्हंजे दुश्मन..." आन् मी, जन्मभर मेंढरं राखली वो मी. कळप बिथरला की आधी लांडगा कुठनं आला ते बघायचं, ह्ये मला दुसऱ्यानं शिकवायला नको. पर लांडग्यानं कुठं बघायचं?

म्हणून सांगतो, घिऊ नका ह्येला. सहा महिन्यांचं आबोलं हाय ह्या एका मेंढ्यापायी. दिस बुडाला की ह्येला दावणीला घिऊन जाईन, राखणीला का होईना, मग ती बोलंल. निदान ह्येच्याशी बोलंल, मी जवळ बसून ऐकीन, तेवढं बी पुरं हाय मला... ओ, सरका की बाजूला, बाईमाणूस येतंय मागनं, वाट द्या. या ताई, लांबनं बघा, त्यो डोस्कं मारतो...

अगं? तू?

बघा, ह्येनं डोस्कं न्हाई मारलं. चाटाय लागला की. आगं, हितं कशाला आलीस जत्रंत, घरी कोण... आगं आगं, पदर काय टाकतीस माज्या हातावर? लोक बघत्यात! सौदा? माज्याशी सौदा? हसू नका वो तुमी. बोलत न्हाई, पर बोटं दाबाय लागली... एक. दोन. तीन. तीन काय, तीन हजार? आगं वढती कशाला बोटं, मोडतील. तीन लाख? कुठनं... ही पिशवी? सिद्धू! आरं सिद्धू, भजी सोड आन् हिकडं ये, गिऱ्हाईक आलंय. व्हय, पुरं तीन लाख. मोज तू. मला म्हायती हाय तिनं दोनदा मोजलं आसतील.

पावणं, तुमी जाऊ नका, साक्षीला ऱ्हावा. मेंढा माजा झाला! न्हाई, तिचा झाला. तेच ते. आगं, आता तरी बोल की. बरं, बोलू नगंस, पदर ऱ्हाऊंदे. एवढं पैसं कुठनं आणलंस? ...दहा बोटं. मग चार. चौदा. चौदा काय? चौदा... रंगुबाई. त्या म्हायेरच्या? सगळ्या? आगं, सगळ्या इकल्यास व्हय? मग ह्येला घरी न्हिऊन ह्येनं करायचं काय, माज्याकडं बघत बसायचं? थांब, सगळ्या न्हाई इकल्या आसशील, बारक्या दोन ठिवल्या आसशील. सांग, आता दावणीला किती मेंढ्या ऱ्हायल्या?

...

न्हाई, बोलली न्हाई वो. मूठ मिटून दाबली.

चला पावणं, दिस बुडाला. कवातरी या घरला, साहेबराव बघायला. पाच तालुक्यांत आसा न्हाई, एक नंबरचा मेंढा हाय आमच्याकडं. आन् मेंढ्या... मेंढ्यांचं इचारू नका. भोपळा.